माळ्यावरची तिरडी

दारू सोडवण्याच्या उद्योगात मी ज्याला पहिल्यांदा पकडून तिरडीवर बांधलं, तो माणूस उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेला नव्हता.

ते माझ्या बायकोचे मामा. टिटवाळ्याहून भाचीला बघायला आलेले. डोंबिवलीला गाडीतून उतरून खाडीच्या बांधाने चालत येताना नव्या वहाणा चावल्या, म्हणून झोकांड्या खात होते. आणि डोळे आलेले, म्हणून डोळे लाल. आम्ही चौघे बांधाआड दबा धरून बसलेलो ते मिठागरातल्या एका गड्यासाठी. 'आज संध्याकाळी येतो, मला सोडवा' असा त्याने शब्द दिलेला, आणि शब्द देऊन पळण्यात तो पटाईत होता. तिन्हीसांजेच्या उजेडात लाल डोळे आणि वाकडे पाय दिसले, तेवढं आम्हाला पुरलं. मामा ओरडत होते की मी प्यालेलो नाही. पण हे तर सगळेच म्हणतात. मी स्वतः दोनतीन वर्षं तेच म्हणत आलेलो. त्यामुळे ते जितक्या जोरात ओरडले तितक्या आम्ही गाठी घट्ट मारल्या.

घराच्या दारात बायको कंदील घेऊन उभी होती. तिने तिरडीवर उजेड धरला, मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, जेवून आलात की जेवायचं हाय?"

त्यानंतर मामा आमच्याकडे फारसे आले नाहीत. आम्ही टिटवाळ्याला गेलो की मला पाहताच खाटेवरून उठून बसत. माझ्यासमोर आडवं व्हायचं धाडस त्यांना पुन्हा झालं नाही.

आता घरात तिरडी आली कुठून, हे सांगायला हवं. चांगल्या माणसाच्या माळ्यावर पाळणा असतो, जुनं जाळं असतं, फार तर मोडका नांगर असतो. आमच्या माळ्यावर दोन लांब बांबू आणि सात आडव्या कामट्यांची पक्की बांधलेली तिरडी होती, आणि ती माझीच होती.

दारूबंदी येऊन दोनतीन वर्षं झाली असतील. सरकारने दारू बंद केली आणि आमच्या गावात ती सुरू झाली, असं आम्ही म्हणायचो. तोवर ताडी होती, लग्नाच्या हळदीला थोडी दारू होती, देवाला थेंब वाहून मग माणसं प्यायची. बंदी आली तशी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत भट्टी लागली. काळा गूळ, नवसागर आणि देव जाणे काय काय घातलेली मडकी चिखलात पुरायची, ओहोटीला काढायची. भट्टी लावणारा गावचाच. माझ्याबरोबर मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढलेला, माझ्या लग्नात नाचलेला. त्याचं नाव मी इथे घेत नाही. तो गेला म्हणून नव्हे. त्याचं नाव घेतलं की अजून माझ्या तोंडाला कडू चव येते, आणि आता जेवायची वेळ आहे.

मी त्याचं उत्तम गिऱ्हाईक होतो. मी ठाण्याच्या गिरणीत लागलेलो, सातवी पास, अंगात पांढरा सदरा, म्हणून तो मला 'साहेब' म्हणायचा. सकाळी मला गिरणीत साहेब म्हणणारा कोणी नव्हता. संध्याकाळी तिवरांत होता. माणूस किती स्वस्तात मिळतो बघा.

त्या वर्षी होळीला मी इतका प्यालो की होळी पेटलेली मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी धुळवड. धुळवडीला आमच्याकडे सोंगं काढतात. कोणी वाघ होतो, कोणी गोरा साहेब, कोणी बाई. कधीकधी जित्या माणसाची प्रेतयात्राही काढतात. पण त्यासाठी माणूस राजी असावा लागतो, हसत झोपलेला असावा लागतो. भट्टीवाल्याने राजी माणूस शोधला नाही. मी त्याच्या भट्टीजवळ चिखलात पडलेलोच होतो. बांबू तोडले, मला बांधलं, कपाळाला गुलाल फासला, नाकात कापूस घातला, आणि रडत, छाती पिटत, हलगी वाजवत मला घरी आणलं. तो स्वतः पुढे मडकं धरून होता.

माझी आई तेव्हा होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत पडदे आलेले. तिला हलगी ऐकू आली, रडणं ऐकू आलं. हात पुढे करून ती ओटीवरून उतरली आणि तिरडी चाचपली. नाकातला कापूस तिच्या बोटांना लागला. मी हललो नाही. मी हलण्याच्या पलीकडे होतो.

आईने हंबरडा फोडला आणि मग जे सासूने करायचं असतं ते केलं. सुनेला धरलं, दारातला दगड उचलला आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या. बायको ओरडून सांगत होती की ते जिते हाईत, सोंग हाय, अवो आई. पण रडणारे मोठमोठ्याने रडत होते, हलगी वाजत होती, आणि आंधळ्या बाईला खरं काय ते रडण्यावरूनच कळतं. दोन्ही हातांच्या फोडून झाल्या तेव्हा भट्टीवाला हसायला लागला. मग सगळेच हसले. तेव्हा कुठे आईला समजलं.

हे सगळं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं. मी होतो तिथेच, पण नव्हतो.

शुद्धीवर आलो तेव्हा आई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. आपल्या हाताने आपण सुनेला विधवा केलं, हे तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. बायको चुलीपाशी होती. मनगटांवर काचांचे ओरखडे. तिरडी दारातच पडलेली. ती जाळून टाकू म्हणून मी उठलो तर बायको म्हणाली, "राहू द्या. माळ्यावर ठेवा. परत लागंल तवा बांबू तोडायचे कष्ट नकोत."

पुढच्या आठवड्यात कल्याणची कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन आली. बायकोने बांगड्या भरायला नकार दिला. गावातल्या म्हाताऱ्या समजवायला आल्या की नवरा जिता असताना हात रिकामे ठेवू नयेत. तिने त्यांना शांतपणे सांगितलं की नवरा जिता आहे की नाही ते अजून ठरायचंय. पुढच्या होळीपर्यंत शुद्धीत राहिला तर जिता समजेन, तेव्हा भरेन. आणि पुढे वर्षभर ती रिकाम्या हातांनी डोंबिवलीच्या बाजारात भाजी विकायला जात राहिली. अनोळखी बायका तिला ताईच्या ऐवजी 'बिचारी' म्हणायच्या. कोणी दोन वांगी जास्त घ्यायच्या, बाईमाणूस एकटं म्हणून. मी ठाण्यात रोज कामावर जात होतो आणि डोंबिवलीच्या बाजारात रोज मरत होतो.

मी दारू सोडली ती लाजेने, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण लाजेने माणूस दुप्पट पितो, हे मी करून पाहिलेलं आहे. मी सोडली ती रागाने. भट्टीवाला गावभर सांगत फिरायचा, "होळीला मेला, धुळवडीला उठला, पाडव्याला साहेब माझ्याकडे परत येतो का नाय बघा." ते वाक्य माझ्या कानात बसलं. पाडव्यापर्यंत नाही प्यायची, एवढंच मी ठरवलं. त्या पंधरवड्यात गिरणीत खाडा पडला, कारण बायकोने मला भाताच्या कोठीत घालून बाहेरून कडी लावली. अंग थरथरायचं, भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा माझ्या अंगावर यायच्या, आणि मुंगी एकही नसायची. मी कडी काढ म्हणून पाया पडायचो, शिव्या द्यायचो, आईची शपथ घालायचो. बायको कोठीच्या उंबऱ्याला टेकून सुका जवळा निवडत बसायची. फटीतून पेजेचं भांडं सरकवायची. मी फार ओरडलो की म्हणायची, "तो तिकडं वाट बघतोय. जायचंय?"

मग मी गप्प बसायचो. भट्टीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचो आणि पेज प्यायचो. देवाचं नाव घेऊन लोक बरे होतात, मी त्याचं नाव घेऊन झालो.

पाडवा गेला. तो म्हणू लागला, नारळी पुनवेला येईल. मला त्यातच कल्पना सुचली. मी एकटा गेलो तर त्याचं काय बिघडलं? एक साहेब गेला. त्याची सगळीच गिऱ्हाइकं काढून घेतली तर?

लोक आता मला साधुपुरुष समजतात. परवा एक शिक्षक घरी आले, मी कोणाच्या प्रेरणेने हे समाजकार्य केलं ते विचारायला. मी त्यांना चहा दिला. खरं उत्तर दिलं असतं तर त्यांनी तो प्यायला नसता.

आपणहून पहिला आला तो तरीवाला. खाडीत होडी चालवायचा, आणि अलीकडे उतारू काठावर नि होडी मधेच अशी वेळ यायला लागलेली. तो माझ्याकडे येऊन म्हणाला की तू सुटलास, मला सांग कसा. माझं औषध म्हणजे द्वेष, आणि तो मी त्याला वाटीत काढून कसा देणार? तेव्हा बायको आतून म्हणाली, "तुमी मेलावता म्हणून सुटलात. त्याला पण मारा."

आम्ही तिरडी खाली काढली. तरीवाला आपणहून आडवा झाला, मी आणि त्याच्या तीन भावांनी खांदा दिला. तळाला भोक पाडलेलं मडकं घेऊन, पाणी गळत, त्याला घराभोवती फिरवलं. फिरताना त्याला सांगितलं की प्यायचा तो तरीवाला गेला, त्याचं सगळं झालं, आता मेलेल्याने भट्टीवर दिसू नये. दिसला तर आम्ही चौघे तिरडी घेऊन तिथे येऊ. तो हसत झोपलेला. तिसऱ्या फेरीला रडायला लागला. घराच्या मागच्या बाजूला त्याची आई उभी राहून बघत होती, म्हणून असेल.

पण नुसतं मरून भागत नाही, हेही कळलं. संध्याकाळ येतेच. भट्टीची वेळ झाली की मेलेल्याला पाय फुटतात. म्हणून त्या वेळी आम्ही त्याला खाडीवर न्यायचो. ओहोटी असली तर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, धरायच्या, भरती असली तर बोइट माशांना जाळं टाकायचं. चिंबोरी धरायला दोन्ही हात आणि पुरतं डोकं लागतं. ती मागून धरावी लागते, आणि थरथरत्या हाताला ती सोडत नाही. तरीवाल्याच्या अंगठ्याचं नख अजून तुटकं आहे. ज्या दिवशी त्याने पहिली मोठी चिंबोरी न चावता धरली, त्या दिवशी तो घरी जाऊन पोटभर जेवला आणि झोपला. तेव्हापासून आमचं औषध ठरलं: आधी तिरडी, मग चिंबोरी.

असे एकेक येत गेले. काही स्वतः, काही बायकांनी ओढत आणलेले. गावात आम्हाला खांदेकरी म्हणू लागले. सगळे टिकले नाहीत. मामांच्या वेळी ज्याची वाट बघत बसलेलो तो मिठागरातला गडी तीनदा मेला, आणि चौथ्यांदा आला तेव्हा तरीवाला म्हणाला की आता याचं वर्षश्राद्धच घाला. पण प्रत्येक नव्या माणसामागे मी तिवरांच्या दिशेने बघायचो. तिथला धूर पातळ होत चाललेला. तो धूर बघून मला जो आनंद व्हायचा, तो हळदीच्या दारूनेही कधी झाला नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला आमच्यातला एक गेला. तरणा, नुकतं लग्न झालेला, चांगले चार महिने न पिता राहिलेला. भट्टीवाल्याने त्याला बांधावर गाठलं आणि म्हणाला, "फुकट घे, तुझ्या लग्नाची राहिलीय." ओहोटीला तो चिखलात सापडला, पालथा. त्याच्यासाठी आम्ही नवीन बांबू तोडले. माळ्यावरची तिरडी वापरायचं कोणाच्या मनात आलं नाही. भट्टीवाला नारळ घेऊन आला आणि खांदा द्यायला पुढे झाला. मी त्याचा खांदा बाजूला केला. त्या क्षणी मी ठरवलं की होळीला याची तिरडी निघणार, याच्या दारात जाणार, आणि माझ्या दारात जे झालं ते याच्या दारात होणार. जसंच्या तसं.

होळीपर्यंत तो स्वतःच आमचं काम सोपं करत गेला. भट्टीवाला स्वतःची दारू कधी पीत नाही, असा रिवाज. गिऱ्हाइकं गेली, मडकी भरलेली राहिली, आणि मग तो पिऊ लागला. मला ते समजलं तेव्हा मी खांदेकऱ्यांना भजी खाऊ घातली.

धुळवडीच्या सकाळी आम्ही चौघे तिवरांत गेलो. मी जिथे पडलेलो जवळजवळ तिथेच तो पडलेला. माझीच तिरडी, माझ्याच गाठी. नाकात कापूस घालायला मी विसरलो नाही. त्याची उरलेली मडकी चिखलातून काढली, प्रत्येकाला दगडाने भोक पाडलं आणि त्याच्याभोवती धार धरून फिरलो. अर्धवट शुद्धीत येऊन तो बघत होता. आपला सगळा माल चिखलात जातोय हे त्याला दिसत होतं आणि हात बांधलेले होते. "साहेब," तो म्हणाला, "एक तरी ठेव." मी शेवटचं मडकं त्याच्या अगदी तोंडाजवळून नेलं आणि फोडलं. हे मी सगळं सावकाश केलं. घाई केली असती तर मजा गेली असती.

मग हलगी. मग छाती पिटणं. अर्धं गाव मागे. माझ्या सदऱ्याच्या खिशात एक दगड होता, आमच्या दारातला, तोच. तो कशासाठी घेतलेला हे कोणाला सांगितलं नव्हतं, तरीवाल्यालाही नाही.

त्याची बायको दारात आली. तिला कोणी फसवणार नव्हतं, तिचे डोळे चांगले होते. तिने तिरडीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. दगड माझ्या हातात कधी आला मला कळलं नाही. तिने पदर बाजूला करून दोन्ही हात पुढे केले.

डाव्या हातात एकच बांगडी होती, तीही तडकलेली. उजव्या हातात एकही नाही. मनगटं निळी पडलेली.

"बाकीच्या त्याने फोडल्या," ती म्हणाली. "होळीच्या आधी. ही राहिलीय, ती तुमी फोडा. पण आता त्याला दारात टाकून जाऊ नका. बाकीच्यांना नेलात तसा न्या."

सूड घ्यायला जावं आणि सूड आधीच कोणीतरी घेऊन गेलेला असावा, यासारखा अपमान नाही. मागे हलगीवाला वाजवायचा थांबला. तरीवाल्याने माझ्या हातातला दगड काढून घेतला, आपल्या खिशात टाकला आणि म्हणाला, "उचला."

त्याला घेऊन आम्ही आमच्याच घरी आलो. दुसरीकडे नेणार कुठे? भाताच्या कोठीत घातला, बाहेरून कडी लावली. दुपारपर्यंत तो ओरडू लागला, मुंग्या, मुंग्या. मी ओटीवर बसून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, ते ओरडणं मला गोड लागत होतं. मला ओळखीचा होता तो प्रत्येक शब्द.

पण माझं लक्ष दुसरीकडेही होतं. होळी झालेली. वर्ष झालेलं. सकाळी निघताना मी कासारणीला बांधावरून येताना पाहिलेलं, टोपली डोक्यावर. आत जाऊन बघितलं. बायको चुलीपाशी पेज ढवळत होती. हात रिकामे.

मी विचारलं की कासारीण आलेली ना.

"आलीवती. परत धाडली."

मी म्हणालो की मी वर्षभर शुद्धीत राहिलो, एक दिवस चुकलो नाही, तूच सांगितलेलंस.

"राहिलात, मी बघितलंय. तुमच्याबद्दल काय म्हणणं नाय." तिने पेज भांड्यात ओतली आणि भांडं माझ्या हातात दिलं. "पण बांगड्या ज्याने फोडायला लावल्या, त्याने आणायच्या. इथून कल्याणला चालत जायचं, कासारणीची टोपली आपल्या डोक्यावर घ्यायची, गावातून चालत यायचं, आणि ह्या ओटीवर माझ्यासमोर ठेवायची. सगळ्यांच्या देखत. पिलेला माणूस ते हसत करंल, त्याला लाज कुठली? म्हणून मना तो शुद्धीत पायजे." कोठीतून पुन्हा ओरडणं आलं. तिने तिकडे मान वळवली. "जा, पाजा त्याला. गरम हाय तवर. आणि हात धरून ठेवा त्याचे, डोकं आपटून घेईल. जगला पायजे तो."